विश्लेषण : ‘पेशंट पुढे न्या’ म्हणजे नेमका कुठे?

एप्रिल २०२१ मधील १६ आणि १७ तारखांच्या मधली रात्र. मुंबई महापालिकेच्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला होता. तेथील १६८ करोना रुग्णांना रातोरात रुग्णवाहिकांमधून जम्बो करोना केंद्रांत हलवण्यात आले. या सगळ्यात एकही जीव गेला नाही, असे तत्कालीन आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी नंतर वारंवार सांगितले. ही रात्र ऑक्सिजनटंचाईची म्हणून लक्षात राहिली. पण तिच्यातली दुसरी बाब अधिक महत्त्वाची होती. कोणता रुग्ण कुठे जाणार हे यंत्रणेने ठरवले. खाट शोधण्याचे काम नातेवाइकांच्या गळ्यात पडले नाही.

आपल्याकडे हा अपवाद ठरतो. ‘आमच्याकडे सोय नाही, पेशंट पुढे न्या’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांनी कधी ना कधी ऐकलेले असते. पुढे म्हणजे कुठे, तिथे जागा आहे का, वाटेत प्राणवायू पुरेल का, या प्रश्नांची उत्तरे ज्याने शोधायची त्याला वैद्यकाचा गंधही नसतो. करोनाने ही पद्धत किती जीवघेणी आहे ते दाखवले आणि तिला पर्याय आहे हेही दाखवले. त्या पर्यायाचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

रुग्ण हलवणे इतके अवघड का?

एका रुग्णालयाच्या अपघात विभागातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण नेणे ही केवळ वाहतूक नसते, तो उपचाराचाच भाग असतो. साधा हिशेब पाहा. रुग्णवाहिकेत सहसा असणाऱ्या ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मास्कमधून मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो १०० मिनिटे पुरतो. ‘हाय फ्लो’ यंत्रावर मिनिटाला ६० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तोच सिलिंडर पुरतो जेमतेम २५ मिनिटे. दहिसरहून शीवपर्यंतचा रस्ता संध्याकाळच्या वाहतुकीत किती वेळ घेतो हे मुंबईकराला सांगायला नको. त्यात पहिल्या रुग्णालयाने ‘जागा नाही’ म्हणून दारातूनच परतवले तर हिशेब तिथेच संपतो.

रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर घशातली नळी हलली का यावर लक्ष ठेवणारा माणूस सोबत लागतो. रक्तदाब टिकवण्याचे औषध पंपातून चालू असेल तर त्या पंपाची बॅटरीही चालू राहायला हवी. पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरला काय दिले, किती दिले, केव्हा दिले हे कळायला हवे. म्हणजे निघण्यापूर्वी रुग्ण शक्य तितका स्थिर करणे, समोरच्या रुग्णालयाचा होकार घेणे, योग्य गाडी व योग्य माणूस देणे आणि कागदपत्रे सोबत पाठवणे ही चार कामे झाल्याशिवाय गाडी हलता कामा नये.

प्रत्यक्षात काय होते? एका फॉर्मवर सही घेतली जाते. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत,’ असा त्याचा अर्थ असतो. वास्तविक न्यायला रुग्णालयानेच सांगितलेले असते. या एका सहीने रुग्णालयाची जबाबदारी कागदावर संपते आणि नातेवाइकाची रस्त्यावर सुरू होते.

साथीत हा प्रश्न इतका चिघळला कशामुळे?

खाटा कमी होत्या, हे उत्तर खरे आहे पण अपुरे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वात मोठी कोंडी झाली ती ‘संशयित’ रुग्णाची. ज्याला दम लागला आहे पण ज्याचा चाचणी अहवाल आलेला नाही, त्याला ठेवायचे कुठे? करोना रुग्णालय म्हणे, अहवाल पॉझिटिव्ह असेल तरच घेऊ. इतर रुग्णालये म्हणत, निगेटिव्ह असेल तरच घेऊ. अहवालाला एक-दोन दिवस लागत. हृदयविकाराचा झटका, डायलिसिस आणि बाळंतपण यांना तेवढी सवड नसते. साथीत जे गेले त्यांत करोना न झालेलेही होते, याचा विसर पडू नये.

त्यात आणखी एक भर. रुग्णालयांचे अपघात विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. ते कधीच बोलत नव्हते. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या दारात रुग्ण उतरल्यावरच तेथील निवासी डॉक्टरला कळते की पालघर किंवा भिवंडीहून कुणीतरी अत्यवस्थ आले आहे. हातातल्या चिठ्ठीवर ‘उच्च केंद्राकडे संदर्भित’ एवढेच लिहिलेले. केईएम, शीव, नायर, जेजे इथल्या निवासी डॉक्टरांना हा अनुभव साथीआधीही रोजचा होता. साथीत त्याचे प्रमाण फुगले, इतकेच.

पुण्यात सप्टेंबर २०२० मध्ये एका तरुण वृत्तवाहिनी पत्रकाराचा मृत्यू झाला तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. नुकत्याच सुरू झालेल्या जम्बो केंद्रातून त्याला अधिक सुसज्ज रुग्णालयात हलवायचे होते. व्हेंटिलेटर असलेली रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, असा आरोप कुटुंबीय आणि सहकाऱ्यांनी केला. सरकारने चौकशी जाहीर केली. ज्याच्यासाठी शहरातले सगळे पत्रकार फोन फिरवत होते त्याची ही गत, तर ज्याच्या मोबाइलमध्ये एकाही मोठ्या माणसाचा नंबर नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या दिवसांत अनेकांनी विचारला. तो आजही तितकाच लागू आहे.

मुंबईच्या ‘वॉर रूम’ने काय बदलले?

सुरुवातीला मुंबईत खाटेसाठी १९१६ या एकाच मध्यवर्ती क्रमांकावर भार होता. तो पेलणे अशक्य झाले. जून २०२० पासून हे काम २४ प्रभागांत वाटले गेले आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयात एक ‘वॉर रूम’ उभी राहिली. महापालिकेने तेव्हा सांगितलेल्या रचनेनुसार प्रत्येक ठिकाणी ३० दूरध्वनी वाहिन्या, १० डॉक्टर आणि १० रुग्णवाहिका होत्या. फोनवर बसायला माणसे कमी पडली तेव्हा पालिका शाळांतल्या शिक्षकांनाही बसवले गेले. त्याआधी २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली आणल्या होत्या. त्यामुळे वॉर रूमच्या हातात वाटण्यासाठी काही तरी होते. नुसती माहिती देणारी हेल्पलाइन आणि खाट देऊ शकणारी वॉर रूम यांत हाच फरक होता.

चाचणी अहवाल आधी महापालिकेकडे आणि मग रुग्णाकडे, असा नियमही काही काळ होता. रुग्णाचा अहवाल रुग्णालाच उशिरा मिळावा हे गैरच, आणि त्यावर टीका झाली ती योग्य होती. मात्र त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पॉझिटिव्ह ठरलेल्या हजारो लोकांनी एकाच सकाळी मोठ्या रुग्णालयांकडे धाव घेऊ नये, लक्षणे पाहून कुणाला घरी ठेवायचे, कुणाला केंद्रात आणि कुणाला अतिदक्षता विभागात न्यायचे हे डॉक्टरने ठरवावे, असा तो प्रयत्न होता. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत एका दिवसात ११,१६३ नवे रुग्ण सापडले. त्या दिवसांत ही चाळणी नसती तर अपघात विभागांची दारे बंदच करावी लागली असती.

५ मे २०२१ रोजी दिल्लीच्या ऑक्सिजनटंचाईवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या अनुभवातून शिकण्याची सूचना केली. त्यानंतर ‘मुंबई मॉडेल’ हा शब्द इतका वापरला गेला की त्याची धारच गेली. त्या मॉडेलचे श्रेय कुणाचे यावर जितकी चर्चा झाली, तितकी त्याचा गाभा काय होता यावर झाली नाही. गाभा एवढाच होता की रुग्ण हलवण्याचा निर्णय, खाट आणि गाडी या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या.

मग सारे आलबेल होते का?

अजिबात नाही. दुसऱ्या लाटेत वॉर रूमचे फोन तासन् तास लागत नव्हते. डॅशबोर्डवर रिकामी दिसणारी खाट फोन केल्यावर भरलेली निघे. रात्री कुणी निर्णय घ्यायला नसे, म्हणून रात्रपाळीसाठी नोडल अधिकारी नेमावे लागले. नगरसेवक, आमदार, मंत्रालयातले ओळखीचे यांच्या फोनवर खाटा मिळत होत्या, हे उघड गुपित होते. खासगी रुग्णवाहिकांनी लुबाडणूक सुरू केल्यावर दर ठरवून द्यावे लागले. जम्बो केंद्रांच्या कंत्राटांची तर पुढे तपास यंत्रणांनी चौकशी केली. वॉर रूमचे गुणगान करताना हे लपवण्याचे कारण नाही.

सर्वात मोठी मर्यादा हद्दीची होती. वॉर रूम प्रभागाची, प्रभाग महापालिकेचा. आजार मात्र दहिसरच्या नाक्यावर थांबत नव्हता. मीरा-भाईंदर, वसई-विरार, ठाणे, कल्याण इथल्या रुग्णाला मुंबईतली खाट रिकामी असून दिसत नव्हती. विदर्भात एप्रिल २०२१ मध्ये नागपूरच्या खाटा भरल्या तेव्हा अनेक रुग्णांनी अमरावती गाठली, कारण तिथली लाट फेब्रुवारीत येऊन ओसरू लागली होती. ही गोष्ट नातेवाइकांना एकमेकांकडून कळत गेली. एका जिल्ह्यात लाट चढत असताना दुसऱ्यात ती उतरत असते, म्हणजे राज्यात कुठे तरी जागा असतेच. ती दाखवणारा आणि तिथवर सुखरूप नेणारा कुणी नव्हता.

इतर देशांत काय घडले?

पैसा असला म्हणजे हा प्रश्न सुटतो असे नाही. मार्च २०२० च्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या एल्महर्स्ट या सार्वजनिक रुग्णालयात २४ तासांत १३ रुग्ण दगावले, तेव्हा त्याच शहरातल्या इतर रुग्णालयांत खाटा रिकाम्या होत्या. कमतरता होती ती एकाकडून दुसरीकडे नेणाऱ्या व्यवस्थेची. त्याच महिन्यात फ्रान्सने स्ट्रासबुर्गहून २० अत्यवस्थ रुग्णांना टीजीव्ही या वेगवान रेल्वेगाडीतून पश्चिमेकडच्या शहरांत हलवले. पूर्व फ्रान्सची रुग्णालये ओसंडत होती, पश्चिमेकडे जागा होती.

अधिक उपयोगी उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचे आहे. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात राज्यासाठी एक समन्वय केंद्र उभारले गेले. गावातल्या छोट्या रुग्णालयाच्या डॉक्टरने दहा ठिकाणी विनवण्या करायच्या नाहीत. त्याने एकाच क्रमांकावर फोन करायचा आणि पुढची जागा केंद्राने शोधायची. रुग्णालये वेगवेगळ्या मालकांची आणि एरवी एकमेकांची स्पर्धक होती, पण भार वाटून घ्यायचा हे त्यांनी आधीच मान्य केले होते.

अमेरिकेत त्यामागे १९८६ चा एक कायदाही आहे. अपघात विभागात आलेल्या रुग्णाला तपासून स्थिर केल्याशिवाय पैशांअभावी हाकलता येत नाही. हलवायचे तर समोरच्या रुग्णालयाचा होकार, कागदपत्रे, प्रशिक्षित माणसे आणि साधने यांसह हलवावे लागते. विशेष सुविधा आणि जागा असलेल्या रुग्णालयाला अशा रुग्णाला नाकारता येत नाही. अमेरिकी आरोग्यव्यवस्थेतून घेण्यासारखे फार थोडे आहे. हे त्या थोड्यांपैकी एक.

भारतात असा कायदा नाही का?

कायद्याचे तत्त्व आहे आणि तेही ३० वर्षांच्या आसपासचे जुने. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असल्याचे सांगितले. त्याहून महत्त्वाचा निकाल १९९६ चा, ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ प्रकरणातला.

जुलै १९९२ मध्ये एक शेतमजूर मथुरापूर स्थानकात रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला कोलकात्याला पाठवले. तिथे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी एका खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार झाले. न्यायालयाने सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली. जगण्याच्या हक्कात तातडीचे उपचार येतात आणि पैशांची चणचण ही सबब चालणार नाही, असे बजावले.

या निकालाचा फारसा उद्धृत न होणारा भाग पुढे आहे. आणीबाणीत खाट मिळण्यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी, जेणेकरून ज्या उपचाराची गरज आहे त्यासाठी जिथे जागा आहे त्या रुग्णालयात रुग्णाला लगेच पाठवता येईल, असे न्यायालयाने सांगितले. साधने आणि कर्मचारी असलेल्या रुग्णवाहिका हव्यात, असेही सांगितले. प्रकरण पश्चिम बंगालचे असले तरी इतर राज्यांनीही त्या दिशेने पावले टाकावीत, अशी अपेक्षा व्यक्त केली.

म्हणजे २०२० मध्ये मुंबईने रातोरात जे उभारले, ते करायला न्यायालयाने २४ वर्षांपूर्वीच सांगितले होते. विधि आयोगानेही २००६ च्या २०१ व्या अहवालात याच विषयावर कायद्याची शिफारस केली. २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. इथे अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर काम चालते. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आली. पण ‘पुढे न्या’ म्हणताना पुढची खाट कोणी शोधायची, याचे बांधील उत्तर या सगळ्यातून मिळत नाही.

साथ संपल्यावर काय उरले?

साथ ओसरली तशा वॉर रूम आवरल्या गेल्या, जम्बो केंद्रे मोडली गेली. तंबूतली रुग्णालये कायम ठेवावीत असे कुणी म्हणणार नाही. मात्र तंबूबरोबर टेबलही उचलले गेले, ही चूक आहे. अत्यवस्थ रुग्ण हलवण्याची गरज साथीपुरती नसते. डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, रक्तस्राव होणारी बाळंतीण, व्हेंटिलेटरची गरज असलेले नवजात बाळ, सर्पदंश झालेला शेतमजूर यांच्यासाठी प्रत्येक रात्र एप्रिल २०२१ चीच असते.

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवनरक्षक साधनांच्या होत्या. पुण्यातील औंधमधून तिचे नियंत्रण चालते. म्हणजे गाड्या आणि नियंत्रण कक्ष यांची पायाभरणी झालेली आहे. या सेवेकडे नाही तो अधिकार. ती रुग्णाला रुग्णालयाच्या दारापर्यंत नेऊ शकते, पण तेथील अतिदक्षता विभागाला ‘ही खाट या रुग्णासाठी’ असे सांगू शकत नाही. ते सांगू शकणारा डॉक्टर चोवीस तास त्याच कक्षात बसला आणि सरकारी, पालिकेची तसेच धर्मादाय व मोठी खासगी रुग्णालये त्याला खरी आकडेवारी द्यायला बांधील असली, तर नवी इमारत बांधायची गरज पडणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. मोठी रुग्णालये म्हणतात, अशाने सगळे आमच्यावरच ढकलतील. आज तेच होते आहे, फक्त न सांगता. मध्यवर्ती कक्षातून रुग्ण आला तर कोणते रुग्णालय वारंवार आणि कारणाशिवाय रुग्ण पुढे ढकलते याची निदान नोंद राहील. छोटी रुग्णालये म्हणतात, आम्ही अत्यवस्थ रुग्णाला दोन तास धरून ठेवले आणि तो दगावला तर जमाव काच फोडतो, म्हणून आम्ही लवकर हलवतो. ही भीती खोटी नाही. तिला उत्तर आहे ते दूरध्वनीवर उपलब्ध तज्ज्ञाचे आणि सद्भावनेने रुग्ण स्थिर करणाऱ्या डॉक्टरला कायद्याच्या संरक्षणाचे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या उपचारांचा खर्च कोण भरणार, हा त्यांचा एक मुख्य प्रश्न होता. तो प्रश्न टाळून केलेला कोणताही नियम कागदावरच राहील. रुग्ण स्थिर करण्याचा आणि सुरक्षित हलवण्याचा खर्च सरकारने द्यायला हवा, त्याला पळवाट नाही.

सुरुवात मात्र खर्चाच्या आधी होऊ शकते. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची. कुठून निघाला, कुणी होकार दिला, कुणी नाकारला, किती वाजता पोहोचला, किती जण पोहोचलेच नाहीत. आणि ‘सल्ल्याविरुद्ध नेले’ हा शेरा मारून रुग्णालयाला स्वतःच सांगितलेले स्थलांतर नातेवाइकाच्या नावावर टाकता येणार नाही, एवढा आदेश काढायचा. मुंबईत १९१६ ही वाहिनी आपत्ती कक्षात आधीपासूनच चोवीस तास चालते. पाणी तुंबले, झाड पडले, भिंत कोसळली तर तिथे फोन उचलणाऱ्याने पुढे कुणाला हलवायचे हे ठरलेले असते.